कोठडी नको, दुकानही नको

भाईंदरच्या जेसल पार्कच्या चौपाटीवर, नाहीतर मीरा रोडच्या एखाद्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर, एकोणीस वर्षांचा मुलगा गांजा भरलेली सिगरेट ओढताना पोलिसांच्या हाती लागला असं समजू. पुढे काय होतं? दोन पंच बोलावले जातात. अर्धं जळलेलं थोटुक, लायटर, रोलिंग पेपरचं पाकीट आणि खिशात पुडी सापडलीच तर ती पुडी, असं एकेक पाकिटात घालून त्यावर सील बसतं. पंचनाम्यात या सगळ्याचा ‘मुद्देमाल’ होतो. मुलाला सरकारी दवाखान्यात नेऊन तपासतात. मुद्देमालाचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो. तिथून येणाऱ्या अहवालाला पोलीस ठाण्यात सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचं कलम २७ लागतं. गांजाच्या सेवनाला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांना सल्ला बहुधा एकच मिळतो : कबूल करू द्या, दंड भरा, मोकळे व्हा.

तो मोकळा होतो त्या दिवसापुरता. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी येते, पहिल्या नोकरीत चारित्र्याचा दाखला मागतात, अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात अमली पदार्थांच्या गुन्ह्याबद्दल वेगळा प्रश्न असतो. त्या प्रत्येक ठिकाणी हे थोटुक पुन्हा वर येतं. आणि एवढ्या सगळ्या कागदांत काही साध्या गोष्टी कुणी विचारलेल्याच नसतात. हा मुलगा कितव्या वर्षापासून ओढतो? रोज ओढतो का? त्याला झोप लागते का? कॉलेजात जातो का? घरात कुणाला मानसिक आजार होऊन गेला आहे का? त्याच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने खरे प्रश्न हे आहेत, आणि आपल्या कायद्याच्या नमुन्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतली एनडीपीएसची दहा हजारांहून अधिक प्रकरणं तपासली होती. त्यांतली सुमारे ८७ टक्के गांजा-चरसची होती, आणि त्यांतली जवळजवळ सगळी स्वतः ओढणाऱ्यांवरची. आरोपींत मोठा भरणा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणाऱ्यांचा. गांजा कायदेशीर करावा का, हा वाद इंग्रजी वाहिन्यांवर रंगतो तेव्हा पडद्यावर एखाद्या बड्या घरचा मुलगा असतो. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच्या रांगेत मात्र वेगळेच चेहरे असतात.

मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ सालची आणि एनडीपीएस कायदाही १९८५ सालचाच. तेव्हा इथे मिठागरं होती, खाडी होती, उत्तन-डोंगरीची कोळीवाडी आणि भातशेती होती. १९९१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेदोन लाख भरली. २००१मध्ये ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली, २०११मध्ये आठ लाख नऊ हजारांवर. मुंबईत घर परवडत नाही म्हणून दहिसर चेकनाक्यापलीकडे आलेल्या कुटुंबांचं हे शहर. मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, कोकणी मुसलमान, ख्रिस्ती, सगळे एकाच सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटतात. कमावणारी माणसं सकाळी लोकल पकडून अंधेरी, दादर, चर्चगेटला जातात आणि रात्री परततात. दुपारी कॉलेज सुटलेला मुलगा आणि रात्री नऊला दार उघडणारी आई, यांच्यामधले सहा-सात तास या शहरात कुणाच्याच हिशेबात नसतात. कट्टा, गच्ची, खाडीकाठ आणि मोबाइल, हे त्या तासांचे सोबती. सोसायटीत आजी-आजोबा नाहीत, गावासारखी ‘अमक्याचा पोरगा’ म्हणून हाक मारणारी माणसं नाहीत. मैदानांची आरक्षणं नकाशात आहेत.

रोलिंग पेपर पानटपरीवर उघड लटकलेले असतात. माल मिळवायला पूर्वीसारखं कुठल्या अड्ड्यावर जावं लागत नाही. इन्स्टाग्राम, टेलिग्राम, एखादा ओळखीचा नंबर, की पुडी सोसायटीच्या गेटपर्यंत येते. देणारा वय विचारत नाही. सोळा वर्षांच्या मुलालाही तो तितक्याच तत्परतेने देतो. आणि त्याच्याकडे फक्त गांजा नसतो, ही याहून मोठी भीती आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, मुलांच्या तोंडी ‘म्याऊ म्याऊ’. हा पदार्थ एनडीपीएसच्या यादीत यायलाच फेब्रुवारी २०१५ उजाडलं. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, तेव्हापासून इथल्या अमली पदार्थांच्या बातम्यांत एमडी सतत आहे. सप्टेंबर २०२५मध्ये मीरा-भाईंदरच्या गुन्हे शाखेने इथल्या शंभरेक ग्रॅम एमडीचा माग काढत थेट हैदराबादजवळच्या चेर्लापल्लीतला कारखाना गाठला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं. पकडलेल्या मालाच्या किमतीचे आकडे डोळे दिपवणारे होते. मला त्या आकड्यांपेक्षा ती वाट महत्त्वाची वाटते : मीरा रोडची एक पुडी आणि तेलंगणातली रसायनांची पिंपं यांच्यामध्ये फार माणसं नसतात.

गांजाची वाट वेगळी आहे. ओडिशाचे मलकानगिरी-कोरापूट आणि आंध्रचा डोंगराळ पट्टा इथून तो ट्रकच्या तळाशी, रेल्वेच्या डब्यात येतो. आपल्या धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्याच्या सातपुड्यातल्या वनजमिनीवर पोलीस दरवर्षी गांजाची उभी शेतं उपटतात. २०२१मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची लेखी परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, याला तरी मिळतो, असं त्याचं म्हणणं. अर्ज प्रसिद्धीसाठी असल्याचं पोलीस म्हणाले. तो अर्ज मी तरी हसण्यावारी नेणार नाही. त्यामागचा संताप खरा आहे. पण धाग्यासाठी, बियांच्या तेलासाठी लावायची हेम्पची शेती हा स्वतंत्र विषय आहे. उत्तराखंडने २०१८पासून तिला परवाने दिले, नशा न होण्याइतकं कमी टीएचसी असण्याच्या अटीवर. हिमाचलही त्या दिशेने निघालं आहे. तो शेतीखात्याचा प्रश्न आहे. मला इथे बोलायचं आहे ते मुलांबद्दल.

या झाडाचा सरकारी अभ्यास आपल्याकडे एकशे तीस वर्षांपूर्वी झाला आणि तो जगातल्या अशा पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी आहे. ब्रिटिश संसदेत ओरड झाली की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजाने भरली आहेत. १८९३मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. ११९३ साक्षीदार तपासले गेले. त्यांत सिव्हिल सर्जन होते, मिशनरी होते, अबकारी अधिकारी, जमीनदार, वैद्य होते. आयोगाने सर्वांत चोख काम केलं ते इस्पितळांच्या नोंदींवर. १८९२ या एका वर्षात दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांचं वेड ‘गांजामुळे’ अशी नोंद होती. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा उघडलं. तेव्हा दिसलं ते असं : रस्त्यावर भटकणारा माणूस पोलिसाने पकडून आणलेला, सोबतच्या कागदावर ‘वेडाचं कारण’ असा रकाना, तो रिकामा ठेवायचा नाही, नातेवाईक जवळ नाहीत, मग शिपायाने लिहिलं ‘गांजा’. डॉक्टरांनी तेच पुढे उतरवून घेतलं आणि वर्षअखेरीस त्याची आकडेवारी झाली. छाननीनंतर २२२चे ९८ उरले.

माफक सेवनाने सर्वसाधारण माणसाचं फारसं बिघडत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि बंदीपेक्षा परवाने, कर आणि मर्यादा बऱ्या, असा निष्कर्ष १८९४च्या अहवालाने काढला. गांजा खुला करा म्हणणारे आज हा अहवाल हातात घेऊन फिरतात. त्यांनी तो नीट वाचावा एवढीच विनंती. त्या साक्षींत प्रामुख्याने आहेत ते बैरागी, हमाल, कोळी, शेतमजूर, म्हणजे कष्टाची प्रौढ माणसं. अकरावीतला मुलगा त्या अहवालाचा विषयच नव्हता. नशा आणणारा टीएचसी हा घटक वेगळा काढला गेला तोच १९६४मध्ये, इस्रायलमध्ये. मात्र त्या आयोगाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : कारणाचा रकाना भरताना घाई करू नये. आजही मुलगा नापास झाला, चिडचिडा झाला, खोलीचं दार लावून बसला की आपण त्या रकान्यात पटकन ‘गांजा’ लिहून मोकळे होतो. कधी ते खरं असतं. कधी आधी नैराश्य असतं आणि गांजा हा त्यावर त्याने स्वतःच शोधलेला वाईट उपाय असतो. दोन्हींचा इलाज वेगळा.

बंदी आली ती बाहेरच्या दबावाने. १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारत सामील झाला, पारंपरिक वापर थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली, आणि ती संपत आली तेव्हा १९८५च्या ऑगस्टमध्ये विधेयक आलं, सप्टेंबरमध्ये त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरला कायदा अमलात आला. गांजा आणि हेरॉइन एकाच कायद्याच्या छत्राखाली गेले. त्याच काळात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरत होती. अनिल अवचटांनी ‘गर्द’मध्ये तो काळ लिहून ठेवला आहे, आणि त्यातूनच १९८६मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. कराराच्या व्याख्येत झाडाचे शेंडे आणि फुलं आहेत, नुसती पानं नाहीत. म्हणून भांग एनडीपीएसमधून सुटली. उत्तरेत तिची सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना भांग हाही गुन्हा आहे, आणि दारूबंदीच्या गुजरातने २०१७मध्ये तीच भांग मोकळी केली. भाईंदरहून दोन-तीन तासांच्या रेल्वेप्रवासात झाडाचं एकच पान दोन कायद्यांतून जातं. होळीला सोसायटीच्या आवारात ठंडाईचा ग्लास हातात देणारा काका आणि गच्चीवर पकडला गेलेला पुतण्या यांच्यातला फरक मुलांना कुणी समजावून सांगू शकत नाही. कायद्याबद्दलचा त्यांचा आदर तिथूनच कमी व्हायला लागतो.

कायद्यात आणखी एक मोठी फट आहे. एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प प्रमाण’, वीस किलोंहून जास्त ‘व्यापारी प्रमाण’. चरसला शंभर ग्रॅम आणि एक किलो. कायदा वजन मोजतो, ताकद मोजत नाही. ओडिशाचा साधा गांजा आणि हायड्रोपोनिक पद्धतीने वाढवलेला, कित्येक पटींनी तीव्र ‘हायड्रो’ हे त्याच्या तराजूत सारखेच. थायलंडने जून २०२२मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि पुढच्या वर्षांत मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत हायड्रोच्या पिशव्या सापडू लागल्या. कस्टम्सची ती जवळजवळ रोजची बातमी झाली. शेवटी जून २०२५मध्ये थायलंडनेच पाऊल मागे घेतलं आणि विक्रीला डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. गांजा खाऊतूनही येतो : जुलै २०२१मध्ये मालाडच्या एका बेकरीतून गांजा घातलेल्या ब्राउनी पकडल्या गेल्या होत्या. मालाड आणि मीरा रोड यांच्यामध्ये मोजून तीन स्टेशनं आहेत.

तीव्रतेचा मुद्दा मी धरून ठेवतो, कारण मुलांच्या डोक्याचा सगळा प्रश्न त्यावर उभा आहे. विचार करून थांबणं, परिणाम तोलणं ही कामं करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. न्यूझीलंडमधल्या डनेडिनमध्ये १९७२-७३ला जन्मलेल्या हजारभर मुलांचा पाठपुरावा आयुष्यभर चालू आहे. त्यांतल्या ज्यांनी किशोरवयात गांजा सुरू केला आणि ज्यांना पुढे तो सुटलाच नाही, त्यांचा बुद्ध्यांक अडतिशीपर्यंत आठेक अंकांनी घसरला, असं २०१२मध्ये प्रसिद्ध झालं. प्रौढपणी सुरू करणाऱ्यांत तशी घसरण नव्हती. जुळ्या भावंडांवरच्या पुढच्या अभ्यासांनी या निष्कर्षावर शंका घेतली आहे, तेही सांगायला हवं. मनोविकृतीबद्दलचा पुरावा मात्र जास्त जड आहे. युरोपातल्या शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा टक्क्यांहून अधिक टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. ओढणाऱ्या प्रत्येकाला वेड लागतं असा याचा अर्थ नाही. बहुतेकांना लागत नाही. पण कुणाला लागेल हे आधी सांगता येत नाही. घरात आजाराचा इतिहास असेल, वय कमी असेल, माल तीव्र असेल आणि ओढणं रोजचं असेल, तर धोका वाढत जातो. घरातली ही गोष्ट बहुतेक मुलांना ठाऊक नसते, कारण एखादा काका इस्पितळात होता हे आपण त्यांच्यापासून लपवलेलं असतं.

मग ज्यांनी गांजा कायदेशीर केला, त्यांच्या मुलांचं काय झालं? अमेरिकेतल्या कोलोराडोत जानेवारी २०१४पासून एकवीस वर्षांवरच्यांना तो दुकानात मिळतो. शाळकरी मुलांत ओढणाऱ्यांचं प्रमाण भडकेल ही भीती होती. राज्याच्याच पाहणीत ते २०१३मध्ये पाचात एक होतं, २०२१मध्ये आठात एकाच्या आसपास आलं. कोविडचा काळ मध्ये होता, म्हणून श्रेय कुणाला द्यायचं हे स्पष्ट नाही, पण भडका उडाला नाही एवढं खरं. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ला देशभर कायदा लागू केला आणि त्याच्या हेतूंत मुलांचं रक्षण पहिलं लिहिलं. किमान वय अठरा ठेवलं, बहुतेक प्रांतांनी एकोणीस केलं, क्विबेकने एकवीस. क्विबेकने आणखी एक केलं : गांजाच्या गोळ्या-चॉकलेटं विकायला सरळ नकार दिला. जिथे ती विकली गेली, त्या प्रांतांत लहान मुलं चुकून गांजा खाऊन इस्पितळात येण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. क्विबेकमध्ये ही वाढ त्या मानाने बरीच कमी राहिली. आणि ऑन्टारिओत, जिथे आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांत गांजाच्या व्यसनाशी जोडलेल्यांचं प्रमाण कायद्याच्या आधी चारेक टक्के होतं, नंतर दहा टक्क्यांवर गेलं. मालाची वाढती तीव्रताही यामागे आहे, एकट्या कायद्याचा हा दोष नाही, असं संशोधकच सांगतात. तरीही आकडा लहान नाही. जर्मनीने १ एप्रिल २०२४पासून मधला मार्ग काढला : दुकानं नाहीत, जाहिरात नाही, पाचशेपर्यंत सभासदांचे क्लब, आणि एकविसाच्या आतल्यांना कमी तीव्रतेचा, कमी प्रमाणातलाच माल.

हे सगळं वाचून कुणीही म्हणेल, वयाची अट नीट पाळली तर दुकान वाईट नाही. माझा पाय इथे अडतो, आणि तो कॅनडामुळे अडत नाही, मीरा रोडमुळे अडतो. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे, शिवाय परवाना लागतो. मेंदूच्या वाढीचं शास्त्र कळण्याच्या कितीतरी आधी आपण पंचवीसचा आकडा कागदावर लिहून ठेवला. आता शनिवारी संध्याकाळी कुठल्याही वाईन शॉपसमोर दहा मिनिटं उभं राहावं. किती जणांना वय विचारलं जातं ते मोजावं. परवाना पाहिल्याचं मला तरी दिसलेलं नाही. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये, असा कायदा २००३चा आहे. ई-सिगरेटवर २०१९पासून बंदी आहे, आणि व्हेप दहावीतल्या मुलांच्या दप्तरात निघतात. ज्या राज्याला दारूच्या दुकानात ओळखपत्र मागता येत नाही, त्याने गांजाचं दुकान उघडून वय तपासायची हमी देऊ नये.

बंदीवाल्यांसाठीही उत्तर पानटपरीवर आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२पासून बंदी आहे. स्टेशनबाहेरच्या भिंती पाहिल्या की ती किती चालते ते कळतं. बंदीने माल नाहीसा झाला नाही, त्यातल्या हप्त्यांची साखळी तेवढी पक्की झाली. म्हणजे नियमन जमत नाही आणि बंदीही जमत नाही, अशा व्यवस्थेत आपण मुलं वाढवतो आहोत. अशा ठिकाणी धोरण ठरवताना ‘कायदेशीर की बेकायदा’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पहिला प्रश्न हा : सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात पुडी आली, तर त्याच्यापर्यंत आधी कोण पोहोचतं?

आज पहिला पोहोचतो तो विकणारा. दुसरा, क्वचित, पोलीस. डॉक्टर किंवा समुपदेशक पोहोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भांग-गांजा-चरस घेणारे ३.१ कोटी भारतीय असावेत असा अंदाज आहे. त्यांतल्या ७२ लाखांना या सवयीसाठी मदतीची गरज आहे. दहा ते सतरा वयाच्या मुलांत घेणारे वीस लाखांच्या आसपास. दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतं : बहुतेक घेणाऱ्यांना उपचार लागत नाहीत, पण ज्यांना लागतात ते काही हजारांत मोजण्यासारखे नाहीत.

एनडीपीएस कायदा मी पुन्हा काढून वाचतो तेव्हा कलम ६४अ वर थांबतो. अल्प प्रमाणासाठी किंवा सेवनासाठी गुन्हा दाखल झालेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवू नये, असं ते कलम सांगतं. उपचार अर्धवट सोडले तर सवलत जाते. कलम ३९ न्यायाधीशाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवायची मुभा देतं. तरतूद आहे, पण ती कागदातून बाहेर येत नाही. पंजाबातल्या २०१३ ते २०१५च्या प्रकरणांचा विधी सेंटरने अभ्यास केला, तेव्हा न्यायालयाने उपचाराला धाडलेला एकही माणूस त्यांना सापडला नाही. भाईंदरच्याच हद्दीत, उत्तनच्या टेकडीवर महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. राज्याचे न्यायाधीश तिथे शिकायला येतात. कलम ३९चा वापर कसा वाढवावा यावर तिथे दोन दिवस घालवले, तर त्याचा फायदा टेकडीखालच्या मुलांनाही होईल.

६४अ मध्ये उणीवही आहे. ते ‘व्यसनी’ माणसाला वाचवतं. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर ओढणारा मुलगा व्यसनी नसतो, म्हणून सवलतीबाहेर राहतो. जो जास्त बुडाला आहे त्याला वाट, आणि जो काठावर आहे त्याच्या नावावर गुन्हा. सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१मध्ये अल्प प्रमाण जवळ बाळगणाऱ्यांना गुन्हेगार न मानता उपचाराकडे वळवावं अशी शिफारस केली होती. ती अमलात यायला हवी. पोर्तुगालमध्ये जुलै २००१पासून हे चालू आहे. तिथे गांजा कायदेशीर नाही, दुकान नाही. पण दहा दिवसांच्या गरजेइतका माल सापडला तर मुलगा न्यायालयात जात नाही, तीन जणांच्या समितीसमोर जातो. तिथे कायदा, वैद्यक आणि समाजकार्य यांतली माणसं बसतात, आणि तेच प्रश्न विचारतात, जे आपल्या पंचनाम्यात नसतात. काही गंभीर नसेल तर समज देऊन घरी. गंभीर असेल तर उपचार.

यावर पोलिसांचा एक रास्त आक्षेप असतो. ओढणारा हाच विकणाऱ्यापर्यंत जायचा धागा आहे; सेवन गुन्हा राहिला नाही, तर त्याला विचारायचं कुठल्या अधिकाराने? आक्षेपात तथ्य आहे. पण चेर्लापल्लीपर्यंतचा तपास बाळगलेल्या मालावरून उलगडत गेला, कुणाच्या थोटकावरून नाही. माल जप्त करायचा, विक्रेत्याचा माग काढायचा, हे अधिकार राहू द्यावेत. मुलाच्या नावावर दोषसिद्धी चढवल्याने तपास पुढे जात नाही. आणि मुलांना विकणाऱ्यासाठी कडक कायदा आधीच आहे : बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तो वापरावा. तिथे दया नको.

मला स्वतःला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती पालकांची भीती. मुलाच्या खोलीत पुडी सापडलेली आई डॉक्टरकडे जात नाही, कारण तिला वाटतं डॉक्टर पोलिसांना कळवतील. मग ती मारते, मोबाइल काढून घेते, गावाला पाठवते, बुवाकडे नेते. महिने जातात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी जोडलेले आजार मानसिक आजारांत धरले आहेत, आणि त्याच कायद्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला लावतं. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनी शाळांच्या फेऱ्या निघतात, फलकांवर कवटी आणि हाडं असतात. मुलं त्या फलकाखालून हसत जातात, कारण त्यांच्या वर्गातला ओढणारा मित्र मेलेला नसतो, तो फक्त हळूहळू गप्प झालेला असतो. फलकावर त्यापेक्षा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि खाली एक ओळ : फोन केल्याने गुन्हा दाखल होत नाही.

कलम ६४अ मध्ये उपचार कुठे घ्यायचे हेही लिहिलं आहे : सरकारने ‘किंवा स्थानिक प्राधिकरणाने’ चालवलेल्या वा मान्यता दिलेल्या इस्पितळात. स्थानिक प्राधिकरण म्हणजे मीरा-भाईंदर महानगरपालिका. दिल्लीत कायदा कधी बदलेल ते बदलेल. महापालिकेने आपल्या एका रुग्णालयात संध्याकाळी सहा ते नऊ, आईबाप लोकलने परतल्यावर येऊ शकतील अशा वेळी, किशोरांसाठी व्यसनोपचाराची ओपीडी सुरू केली, तिला ६४अ खालची मान्यता दिली आणि काशिमीरा, नया नगर, नवघर, भाईंदर, उत्तन इथल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर तिचा पत्ता लावला, तर त्यासाठी संसदेची परवानगी लागत नाही. एक मानसोपचारतज्ज्ञ, दोन समुपदेशक, एक समाजसेवक आणि बंद दाराची एक खोली, एवढी सुरुवात पुरे. पुढच्या अर्थसंकल्पात या मागणीसाठी आपापल्या नगरसेवकाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्यावं. मी माझ्या सोसायटीचं पत्र लिहायला घेतलं आहे.